सीईटीच्या मार्कांचा जमाखर्च

लेकीला सीईटीच्या मार्कांवर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाल्यापासून कारखान्यात, गल्लीत, लग्नकार्यात मला एकच प्रश्न विचारला जातो: "क्लास कुठला लावला होता?" सांगलीतल्या एखाद्या मोठ्या क्लासचं नाव ऐकायला मिळेल अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. आमची पोर तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकली. कॉलेजचे तास तिने बुडवले नाहीत आणि घरी एक ऑनलाइन टेस्ट सिरीज घेतली होती. मी एका सहकारी साखर कारखान्यात अकौंट्सला आहे. बी.कॉम. केलंय, त्यामुळे बारावीच्या गणितातलं इंटिग्रेशन शिकवणं माझ्या हातात नव्हतं. हिशोब लिहिणं मात्र माझं रोजचं काम. तिच्या प्रत्येक सराव पेपरचा मी हिशोब लिहिला, आणि तिचे मार्क त्या हिशोबाने वाढले असं माझं ठाम मत आहे. ज्यांची मुलं यंदा बारावीला आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी पेपर समजून घ्या, कारण पालकांपैकी निम्म्यांना तो माहीत नसतो. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. इंजिनीअरिंगसाठी तिचा पीसीएम गट, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, २०० मार्कांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे १००. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १ मार्क, म्हणजे उरलेले १००. वेळ तीन तास, पण तो एकसंध नाही. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्री, ती संपली की तो भाग बंद होतो आणि पुढची ९० मिनिटं गणिताची. इकडचा वाचलेला वेळ तिकडे नेता येत नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. कॅल्क्युलेटर चालत नाही. अभ्यासक्रम स्टेट बोर्डाचा, त्यात बारावीचा वाटा साधारण ८० टक्के आणि अकरावीच्या निवडक धड्यांचा २० टक्के. प्रश्नांची काठिण्यपातळी जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेसारखी ठेवली जाते. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही घेता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीत.

आता भागाकार करा. गणिताला एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. फिजिक्स-केमिस्ट्रीत ५४ सेकंद. हे दोन आकडे मी कागदावर लिहून तिच्या टेबलासमोर चिकटवले होते.

दिवाळीच्या सुट्टीत तिने पहिला पूर्ण पेपर घरी दिला. २०० पैकी ९६. गणित ५२, फिजिक्स २०, केमिस्ट्री २४. तिचं तोंड उतरलं. मी तिला विचारलं, "बाळा, गणितात ५२ मिळाले ते कशाचे मिळाले?" तिला प्रश्न कळला नाही. आमच्याकडे खात्यावर रक्कम जमा दिसली की ती कुठून आली, कायमची आहे की चुकून आली, हे पाहिल्याशिवाय ताळमेळ पुरा होत नाही. मार्कांनाही तोच नियम लावायचा मी ठरवलं.

पुढच्या पेपरपासून तिने रफ कागदावर प्रत्येक प्रश्नाच्या नंबरापुढे सोडवतानाच एक खूण करायची, असं आमचं ठरलं. खात्री असेल तर बरोबरची खूण. दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर प्रश्नचिन्ह. काहीच सुचलं नाही आणि अंदाजाने टिचकी मारली असेल तर फुली. पहिल्या पेपरच्या खुणा तिने त्याच रात्री आठवून भरल्या, ताजं होतं म्हणून जमलं. नंतर मात्र सोडवतानाच करायला लावल्या, कारण उत्तर बरोबर आलेलं पाहिलं की मुलांना वाटतं आपल्याला ते येतच होतं.

त्या ५२ मार्कांची फोड अशी निघाली. खात्रीचे प्रश्न २१, त्यातले १५ बरोबर, म्हणजे ३० मार्क. शंकेचे ९, त्यातले ४ बरोबर, म्हणजे ८. अंदाजाचे २०, त्यातले ७ बरोबर, म्हणजे १४. पुढच्या पेपरला गणितात ४८ पडले. घरात सुतकी वातावरण. "एवढा अभ्यास करून चार मार्क कमी झाले, पप्पा," म्हणून ती रडली. मी वही उघडली. खात्रीचे २४, त्यातले १९ बरोबर, म्हणजे ३८. शंकेचे ८ पैकी ३, म्हणजे ६. अंदाजाचे १८ पैकी फक्त २, म्हणजे ४. तिच्या स्वतःच्या कमाईचे मार्क ३० वरून ३८ वर गेले होते. घटले ते नशिबाचे. हे तिला दाखवल्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मी पुढे गेलेय."

चार पर्याय असलेल्या प्रश्नात डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरी चारात एक लागतो. २० अंदाज केले तर ५ बरोबर यावेत, पण एखाद्या दिवशी २ येतात, एखाद्या दिवशी ८. गणितात एका प्रश्नाला २ मार्क, म्हणून एकट्या नशिबाने ४ पासून १६ पर्यंत काहीही मिळू शकतं. एवढा मोठा हेलकावा बेरजेत मिसळलेला असताना त्या बेरजेवरून मूल सुधारतंय की घसरतंय हे कसं ठरवणार? तरीही घरोघरी तेच चालतं. एका पेपरला मार्क वाढले की पेढे, दुसऱ्याला उतरले की क्लास बदला, पुस्तक बदला, मोबाइल काढून घ्या. मुलांचं मन अशाने खचतं, आणि तेही ज्यावर त्यांचा ताबाच नाही अशा गोष्टीपायी. आम्ही एकूण मार्कांचा आलेख काढणंच बंद केलं. वहीत फक्त खात्रीच्या बरोबर प्रश्नांचा आकडा लाल शाईने लिहायचो. तो आकडा डिसेंबरभर हळूहळू चढत गेला, एकूण मार्क खालीवर होत असतानाही.

अंदाज करू नका असं मी म्हणत नाही. मार्क कापत नाहीत म्हटल्यावर एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातातलं टाकणं. शेवटच्या चार-पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना उत्तर द्यायचंच. फक्त ते मार्क हिशोबात वेगळ्या रकान्यात ठेवायचे. आम्ही त्या रकान्याला नाव दिलं होतं "संशयित येणी", म्हणजे वसूल होतीलच याची खात्री नसलेली रक्कम.

खरी किंमत निघाली ती वेगळ्याच रकान्यात: खात्री होती आणि तरी चुकलं. पहिल्या पेपरात असे ६ प्रश्न होते, म्हणजे १२ मार्क. हे मार्क मिळवायला नवीन काही शिकावं लागत नाही. धडा येतो, वेळही दिलेला असतो, आणि मार्क मात्र जमा होत नाहीत. मी तिला म्हटलं, या सहा प्रश्नांवर आपण अख्खा रविवार घालवू. तिने एकेक सोडवून दाखवला, मी फक्त विचारत राहिलो, "इथे काय झालं?" एका प्रश्नात a आणि b काढून त्यांची बेरीज विचारली होती, तिने a काढला, तो पर्यायांत दिसला, टिचकी मारली. दोन ठिकाणी कंस सोडवताना उणे चिन्ह गेलं. एकात "पैकी कोणतं चूक" विचारलं होतं, तिने बरोबर असलेलं निवडलं. एकात सूत्र अर्धवट आठवलं. आणि एका ठिकाणी रफ कागदावर उत्तर बरोबर होतं, पडद्यावर दुसऱ्याच पर्यायावर टिचकी पडलेली.

फिजिक्समध्ये या रकान्याचा चेहरा निराळा. तिथे जवळपास सगळी गळती एककांची आणि दिलेली किंमत तशीच घालण्याची. व्यास दिलेला असायचा, ती त्रिज्या समजून घालायची, आणि सूत्रात त्रिज्येचा वर्ग असला की उत्तर चौपट फिरायचं. वायूंच्या प्रश्नात तापमान सेल्सिअसमध्ये दिलेलं, केल्विन करायचं राहून जायचं. सेंटिमीटरचे मीटर नाहीत. पेपर काढणाऱ्यांना या चुका पाठ असतात. चुकीच्या वाटेने येणारं उत्तरही पर्यायांत मांडून ठेवलेलं असतं, म्हणून मुलाला शंकासुद्धा येत नाही.

यावर तिने स्वतःच एक सवय लावून घेतली. पडद्यावरच्या प्रश्नाखाली रेघ मारता येत नाही. म्हणून प्रश्न वाचला की रफ कागदावर सर्वांत आधी, गणित मांडण्यापूर्वी, "काय विचारलंय" ते लिहायचं: "a + b = ?" किंवा "चूक कोणतं?" फिजिक्समध्ये दिलेल्या किमती एकक बदलूनच उतरवायच्या, व्यास दिला असेल तर तिथल्या तिथे निम्मा करून. याला तीन-चार सेकंद लागतात. सुरुवातीला तिला ते वेळ खाणारं वाटलं. जानेवारीपर्यंत गणितातले खात्रीने चुकणारे सहावरून एक-दोनवर आले. दहाच्या आसपास मार्क तिथेच परत मिळाले, एकही नवा धडा न करता.

वेळेचा हिशोबही याच वहीत सापडला. मी एक रकाना ठेवला होता: "पन्नासावा प्रश्न वाचला का?" सुरुवातीच्या पेपरांत उत्तर नाही असंच यायचं. एखाद्या इंटिग्रेशनवर ती सहा-सात मिनिटं झुंजत बसायची, सुटलं की आनंद व्हायचा, आणि शेवटचे दहा-बारा प्रश्न न वाचताच अंदाजाने भरले जायचे. आम्ही ते न वाचलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी शांतपणे काढून पाहिले. त्यात मॅथेमॅटिकल लॉजिकचा एक होता, लिनिअर प्रोग्रॅमिंगचा एक, मॅट्रिक्सचा एक, सगळे तिला मिनिटभरात सुटणारे. अवघड प्रश्नाला आणि सोप्या प्रश्नाला मार्क दोनच. एका अवघडाच्या हट्टापायी तीन सोपे गेले होते.

मग तीन फेऱ्यांची पद्धत बसवली. पहिल्या फेरीत सगळे पन्नास प्रश्न वाचायचे, वाट लगेच दिसली तर सोडवायचा, नाहीतर सोडून पुढे. अर्ध्यात अडकला तरी दोन मिनिटांच्या पुढे थांबायचं नाही. दुसऱ्या फेरीत वाट दिसलेले पण लांबलचक. तिसऱ्या फेरीत उरलेले, आणि शेवटची पाच मिनिटं कोरे भरायला. प्रश्न सोडून पुढे जाणं हुशार मुलांना फार जड जातं. कॉलेजच्या परीक्षेत ती सगळे सोडवायला शिकलेली असतात, सोडलेला प्रश्न त्यांना टोचत राहतो. हिला ते अंगवळणी पडायला महिना-दीड महिना लागला, आणि त्या काळात मी तिला एकदाही "तो का सोडलास?" विचारलं नाही. पालकांनी एवढं पथ्य पाळावंच.

फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ९० मिनिटांत तिने केमिस्ट्री आधी घ्यायचं ठरवलं. केमिस्ट्रीचे प्रश्न बरेचसे थेट असतात, येतं किंवा येत नाही. पस्तीस मिनिटांत ते उरकले की फिजिक्सला पंचावन्न मिनिटं मिळतात. काही मुलांना उलटं बरं पडतं. दोन्ही करून पाहा, खात्रीचे बरोबर कोणत्या क्रमात जास्त येतात ते वहीत बघा, आणि फेब्रुवारीनंतर क्रम बदलू नका.

केमिस्ट्रीबद्दल मला फार आग्रहाने सांगायचंय: बालभारतीचं पुस्तक वाचा. ते बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. बाजारात जाडजूड प्रश्नसंच आहेत, ते घ्या हवे तर, पण वहीत केमिस्ट्रीचे चुकलेले प्रश्न तपासताना दर वेळी उत्तर बालभारतीच्या एखाद्या ओळीत, तक्त्यात किंवा चौकटीत सापडायचं. शेवटचे तीन धडे, बायोमॉलिक्युल्स, पॉलिमर आणि ग्रीन व नॅनोकेमिस्ट्री, कित्येक मुलं "नंतर बघू" म्हणून ठेवतात. ते वाचायला सोपे आणि त्यात आकडेमोड जवळजवळ नाही. आमच्या घरी हे तीन धडे तिच्या आईने घेतले. आई दहावी झालेली. संध्याकाळी भाकरी थापताना पुस्तक ओट्याच्या कडेला उघडं ठेवायचं, ती विचारणार आणि पोर उत्तर देणार: नायलॉन-६ कशापासून? कॅप्रोलॅक्टम. टेफ्लॉन? टेट्राफ्लुरोइथीन. ग्रीन केमिस्ट्रीची तत्त्वं किती? बारा. मार्चपर्यंत दोघींनाही पाठ झालं होतं. ऑरगॅनिकच्या नावाच्या अभिक्रिया, रोझेनमुंड, स्टीफन, इटार्ड, कॅनिझारो, गॅब्रिएल, यांचंही तसंच केलं. कशावर काय टाकलं की काय मिळतं, तीन शब्दांत उत्तर.

आकडेमोडीत बोर्डाच्या परीक्षेला लॉग टेबल मिळतं, सीईटीला मिळत नाही. काही किमती डोक्यात हव्यातच: लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, शिवाय सूत्रांत सारखे येणारे २.३०३, ०.६९३, ०.०५९२, ९६५००. कायनेटिक्समध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाच्या धड्यात, तिच्या केमिस्ट्रीच्या सरांनी एक फार कामाची गोष्ट शिकवली. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया ७५ टक्के पूर्ण व्हायला दोन अर्धायुष्यं (अर्धायुष्य म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ), ८७.५ टक्क्यांना तीन, ९९.९ टक्क्यांना जवळपास दहा. लॉगला हात न लावता उत्तर. फिजिक्समध्ये फोटॉनची ऊर्जा काढताना तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घेऊन १२४० ला त्या आकड्याने भागायचं, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये उत्तर येतं. ५४ सेकंदांच्या पेपरात अशा गोष्टी मुलाला श्वास घ्यायला जागा देतात. पण सर नेहमी म्हणायचे की आधी पूर्ण रीत यायला हवी, आडवाट मागून. ते मला पटतं. नुसत्या युक्त्या पाठ केलेल्या मुलाला प्रश्न जरा फिरवून विचारला की काही सुचत नाही.

गणिताच्या सरांनी पर्यायांकडे बघायला शिकवलं. रेषा आणि प्रतलाच्या प्रश्नात समीकरण विचारलं असेल तर दिलेला बिंदू चारही पर्यायांत घालून बघ, दोन तरी तिथेच बाद होतात. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये कोपऱ्याचे बिंदू थेट तपास. अनिश्चित इंटिग्रल सुटत नसेल तर सोप्या दिसणाऱ्या पर्यायाचं डिफरन्सिएशन करून बघ. वहीतला प्रश्नचिन्हाचा रकाना यामुळे पातळ झाला. शंकेचे प्रश्न हळूहळू खात्रीच्या बाजूला सरकले.

अकरावीचं काय करायचं हा प्रश्न डिसेंबरात आला. २० टक्के म्हणजे २०० पैकी ४० मार्क, सोडून देण्याजोगे नाहीत. पण अकरावीचे धडे पुष्कळ आणि हाताशी वेळ थोडा. एका धड्यामागे किती मार्क पडतात ते मी मांडलं. बारावीच्या गणितात १५ धडे आणि ८० मार्क, म्हणजे धड्यामागे पाच-सव्वापाच. अकरावीच्या दहाएक धड्यांना मिळून २० मार्क, म्हणजे धड्यामागे दोन. नुसत्या आकड्यांनी अकरावी तोट्याची दिसते. तिच्या गणिताच्या सरांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्या मांडणीत नसलेली बाजू सांगितली. अकरावीचे काही धडे बारावीच्या धड्यांना पाया देतात. ट्रिगनॉमेट्रीची सूत्रं पक्की झाली की इंटिग्रेशन सुधारतं. सरळ रेषा आली की पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स सोपी जाते. प्रॉबॅबिलिटी झाली की बारावीचं प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल हलकं होतं. फिजिक्सलाही हेच: अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमिकंडक्टर, ध्वनी आणि गतीचे नियम हे बारावीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्सला, सेमिकंडक्टर डिव्हायसेसना, सुपरपोझिशनला आणि रोटेशनल डायनॅमिक्सला जोडलेले. म्हणून हे धडे आधी घेतले, बाकीचे मार्चच्या शेवटी जमतील तसे. अकरावी दुसऱ्यांदा वाचताना तिला ती पहिल्यापेक्षा सोपी वाटली, आणि ते साहजिक आहे.

जानेवारी अखेरीपासून बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत एकही सराव पेपर दिला नाही. यावर नातेवाइकांत वाद झाले. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के पुरतात, मग बोर्डाचा अभ्यास कशाला, असं पुष्कळ लोक म्हणतात. मला हे मान्य नाही. डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, हाताने लिहून काढताना सूत्र कुठून आलं, कोणत्या अटीवर लागू होतं, हे कळतं. बोर्डाच्या अभ्यासानंतर दिलेल्या पहिल्या पेपरला फिजिक्सचे खात्रीचे बरोबर एकदम वाढलेले दिसले, आणि त्या काळात तिने एकही बहुपर्यायी प्रश्न सोडवलेला नव्हता. हे वहीत लिहिलेलं आहे, ऐकीव गोष्ट नाही.

इंग्रजीचाही एक मुद्दा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. ती गणितात कमी पडत नव्हती, पण प्रॉबॅबिलिटीचे चार-चार ओळींचे प्रश्न वाचायलाच वेळ जायचा. रोज सकाळी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली फक्त शाब्दिक उदाहरणं, न सोडवता, वाचून समीकरण मांडायचं एवढंच ती करायची. पंधरा-वीस मिनिटं. खेड्यातल्या मुलांनी हे जरूर करावं. वाचण्यात जाणारा वेळ कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि मूल स्वतःला गणितात कच्चं समजून बसतं.

एप्रिलमध्ये शेजारच्या मुलांचे रोज एक पूर्ण पेपर चालू होते. आम्ही एक दिवसाआड दिला आणि मधला दिवस त्याच पेपरच्या हिशोबाला ठेवला. वहीत न उतरवलेला पेपर दिल्यासारखाच नाही, अशी माझी समजूत आहे. गळीत हंगाम संपला होता, मार्चअखेरची आमची खाती बंद करायची धांदलही उरकली होती, म्हणून संध्याकाळी लवकर घरी येऊन मी बसू शकलो. सरावाचे पेपरही तालुक्याच्या नेट कॅफेत संगणकावर, माउस हातात घेऊन द्यायला लावले. मोबाइलवर पेपर देणारं मूल परीक्षेच्या खोलीत माउसशी झगडतं. उत्तर निवडून जतन केल्याशिवाय ते धरलं जात नाही, हेही बोटांना माहीत हवं.

पर्सेंटाइलविषयी पालकांत फार गोंधळ आहे, तेवढं सांगतो. परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळवणारे किती, त्याला त्या सत्रातल्या एकूण मुलांनी भागून शंभराने गुणलं की तुमचं पर्सेंटाइल. म्हणून अवघड सत्रात १२० मार्कांना जे मिळेल ते सोप्या सत्रात मिळणार नाही. "इतक्या मार्कांना इतके पर्सेंटाइल" असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यावर मुलाचं ध्येय ठरवू नका. एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरीही नसतं, ते एकूण मार्कांवरून वेगळं काढतात. २०२५ मध्ये पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक मुलं बसली होती, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर मुलं. वरच्या टोकाला पाच-सहा मार्कांनी कॉलेज आणि शाखा बदलते. "खात्री होती आणि तरी चुकलं" या रकान्यावर आम्ही एवढे रविवार घालवले ते यासाठीच.

परीक्षेनंतर ती घेणारं राज्याचं सीईटी सेल प्रत्येकाची उत्तरं आणि उत्तरतालिका लॉगिनवर देतं. आम्ही तिची उत्तरं उतरवून शेवटचं पान भरलं. तिने परीक्षेतही रफ कागदावर खुणा केल्या होत्या, पण तो कागद तिथेच द्यावा लागतो, म्हणून घरी आल्याबरोबर आठवून लिहिल्या. एकूण १३९. गणित ७८: खात्रीचे ३६, त्यातले ३४ बरोबर, शंकेचे ८ पैकी ४ आणि अंदाजाचे ६ पैकी १. फिजिक्स २६, केमिस्ट्री ३५. पर्सेंटाइल ९८ च्या थोडं वर आलं. सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला इलेक्ट्रिकल मिळालं, घरून जाऊन-येऊन करते.

फिजिक्सचे २६ मला कमी वाटतात. तिलाही वाटतात. पुन्हा करायची वेळ आली असती तर रोटेशनल डायनॅमिक्स आणि एसी सर्किट्स ऑगस्टमध्येच धरले असते असं ती म्हणते, कारण तिथले प्रश्न शेवटपर्यंत फुलीच्या रकान्यात राहिले. आमच्या वजनकाट्यावरच्या एका सहकाऱ्याचा मुलगा यंदा बारावीला आहे. परवा त्याने पहिला पेपर दिला आणि गुणपत्रकाचा फोटो मला पाठवला. फोटोचा उपयोग नाही, रविवारी रफ कागद घेऊन ये, असं त्याला कळवलंय. लेकीने त्याच्यासाठी वहीत रकाने आखून ठेवलेत आणि फिजिक्सला एक जादा पान दिलंय.